न्हाणीच्या पत्र्यावरचा निवडुंग

आमच्या घरात झाडाला आधी विचारलं जाई, तू काय देतोस? वांग्याचं झाड वांगी देई, मेथी जुड्या देई, अंगणातला कढीपत्ता फोडणीला पानं देई. दारातली तुळस टिकली होती तीही तिचा काढा काकांच्या खोकल्याला चालतो म्हणून, असं काकी उघड बोलून दाखवायची. तेलुगू मुलखातल्या इचोड्याच्या हमरस्त्याला लागून आमचं घर, आणि रस्ता ओलांडून पलीकडे नाल्याकाठी आमची भाजीची वाडी. बाबा आणि काका वाडी करत. माय आणि काकी तोडणी करत, जुड्या बांधत आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसत. सरळ, चकचकीत, एकसारखा माल बाजारात जाई आणि घरी येई ती वाकडी वांगी, तडकलेली टमाटी, जरठ भेंडी. सरळ वांग्याची भाजी मी पहिल्यांदा खाल्ली ती स्वतःच्या लग्नात, आणि तेव्हाही मला वाटलं की पाहुण्यांचा माल चुकून माझ्या पानात पडला.

अशा घरात निवडुंग येण्याचं काही कारण नव्हतं. तो आला पद्मा टीचरमुळे. आमच्या मराठी शाळेत तेलुगू शिकवायला त्या आल्या आणि आमच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहिल्या. एकट्याच होत्या, गोल चेहऱ्याच्या, मोठ्यानं हसणाऱ्या. मराठी, हिंदी आणि तेलुगू या तिन्ही भाषा त्या एकाच वाक्यात घालत आणि आम्हाला तिन्ही कळत. मायची आणि त्यांची मैत्री अंबाडीवरून झाली. माय अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून करायची. टीचर त्याच पाल्याची लालभडक चटणी करत आणि तिला गोंगुरा म्हणत. "अम्मा, गोंगुरा ऐसा नक्को पकाओ," असं त्या म्हणत, आणि माय म्हणायची, "टीचरबाई, तुमी गोंगुरा म्हना का गंगुबाई म्हना, ते अंबाडीच हाय." मग दोघी एकमेकींची वाटी पुसून खात.

टीचरांच्या खिडकीत एका फुटक्या बरणीत काटेरी गोळा होता, आणि त्याच्या अंगाला लिंबाएवढी चार-पाच पिल्लं चिकटलेली होती. मी सातवीत होते. तेलुगूच्या परीक्षेत मी पहिल्यांदाच पास झाले, तेव्हा टीचरांनी चिमट्यानं एक पिल्लू हलकेच उपटलं, कान तुटलेल्या कपात वाळू घालून त्यात बसवलं आणि माझ्या हातात दिलं. "इसको धूप देना. पानी एकदम थोडा. ठंड में तो बिलकुल नक्को," त्या म्हणाल्या. "दोन-तीन साल में फूल आता. रात को. एकच रात." मी विचारलं, एका रात्रीनं काय होणार? टीचर म्हणाल्या, "तू देख तो पहले."

माझ्या आयुष्यात पूर्णपणे माझी म्हणावी अशी ती पहिलीच वस्तू होती. पाटीसुद्धा मला आत्येबहिणीची जुनी मिळाली होती. म्हणून मी तो कप रोज उशाशी घेऊन झोपायची आणि रोज सकाळी तो वाढला का ते बोटानं मोजायची. तो वाढत नव्हता. हे बाबांच्या नजरेतून सुटलं नाही. बाबांच्या हाताला यश होतं. आमच्या गल्लीत म्हणत की हा माणूस काठी रोवेल तर तिलाही कारली लागतील. आपल्या घरात एक रोप दोन महिने तसंच्या तसं बसून आहे, ही गोष्ट त्यांना सहन होईना. त्यांनी मला न सांगता त्याला शेणखत घातलं. माय तांदूळ धुतलेलं पाणी घालू लागली, कारण पोरीचं झाड सुकून राह्यलं. काका येता-जाता तांब्यातलं उरलेलं पाणी ओतत, ते कीव येऊन. आणि मी टीचरांनी सांगितलेलं थोडं पाणी घालत होते ते वेगळंच. असं चौघांनी चोरून प्रेम केल्यावर एक दिवस मी गोळ्याला बोट लावलं तर बोट आत गेलं. आतून पिकल्या केळ्यासारखं पाणी आलं. टीचरांनी कप नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या तिन्ही मोठ्या माणसांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ये तो मर्डर है."

टीचरांनी दिलेलं दुसरं पिल्लू मी एका डब्यात लावलं आणि कोणाच्या हाताला लागू नये म्हणून न्हाणीच्या पत्र्यावर ठेवलं. तिथं ऊन होतं, आणि शिडी लावल्याशिवाय पाणी घालता येत नव्हतं. दोन वर्षांत ते मोसंबीएवढं झालं आणि त्याला स्वतःची पिल्लं झाली. काकीला मात्र ते पहिल्या दिवसापासून खपत नव्हतं. काकी माहेरची निर्मलची. तिकडे लाकडाची रंगीत फळं करतात, आणि ती फळंसुद्धा या गोळ्यापेक्षा जास्त कामाची असं तिचं म्हणणं. "घरात काटा, घराला फाटा," ती म्हणायची. ही म्हण तिनं स्वतःच केली असावी, कारण मी ती पुढे कुठेच ऐकली नाही. पण एकदा म्हण झाली की तिला पुरावे सापडायला लागतात. दूध नासलं, काकी पत्र्याकडे बघे. बाबा आणि काका पाण्याच्या मोटारीच्या पाळीवरून एकमेकांना बोलले, काकी पत्र्याकडे बघे. माय म्हणायची, "अवो, हे दोघं तुया लग्नाच्या आधीपासून भांडून राह्यले." पण काकी काही हटायची नाही.

आणि मग काकीचं म्हणणं खरं ठरलं, हे मला इतक्या वर्षांनी तरी कबूल केलं पाहिजे.

त्या हिवाळ्यात काकांनी आपला बनियन धुऊन न्हाणीच्या पत्र्यावर वाळत टाकला. वाऱ्यानं तो सरकून निवडुंगावर गेला असणार. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधारातच, काकांनी बनियन ओढून घेतला, अंगात घातला, वर सदरा, वर घोंगडी, आणि ते बाजाराच्या हर्राशीला, म्हणजे लिलावाला, गेले. या निवडुंगाची पिल्लं फार हलकी चिकटलेली असतात. जरा ओढलं की सुटतात आणि ज्यानं ओढलं त्याला धरतात. जांभळाएवढं एक पिल्लू काकांच्या बनियनाला आतून, पाठीच्या बरोबर मध्यभागी चिकटलं होतं. काकांना वाटलं मुंगी आहे. हर्राशी रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत चालायची. माल उतरलेला, दलाल उभा, आणि घेणारे गोल करून. बोली हात वर करून लावायची. काका आमची मेथी विकायला गेले होते. मेथी विकून झाली आणि ते गंमत पाहत एका ट्रकला टेकून उभे राहिले. टेकताक्षणी त्यांचा हात वर गेला. दलालानं बोली धरली. काकांनी पाठीवर हात नेण्यासाठी दुसरा हात वर केला. दलाल म्हणाला, वा, बोली वाढली. काका "अरे अरे" म्हणून ट्रकपासून सुटायला गेले तर घोंगडी ट्रकच्या हुकात अडकली, आणि काटा आणखी आत गेला. तिथं हजर असलेले लोक सांगत की इतक्या जिद्दीनं बोली लावणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. दुपारी आमच्या दारात बैलबंडीभर लाल भोपळे येऊन उभे राहिले. आमच्याकडे त्याला कोहळं म्हणतात.

बाबा बंडीकडे पाहत राहिले. "गज्या, हे काय होय?"

"कोहळे होय, भाऊ."

"ते दिसून राह्यलं. काऊन?"

काकांनी सदरा वर करून पाठ फिरवली. पिल्लू अजून तिथंच होतं. मी हसले. ते हसणं मला नडलं, कारण माझं पाहून माय हसली, आणि आपल्या नवऱ्याच्या पाठीला काटा रुतलेला असताना जाऊ हसते, हे काकीनं पाहिलं. संध्याकाळपर्यंत जुनं-नवं सगळं निघालं. कोणी कोणाच्या बाळंतपणात किती दिवस पाणी भरलं तेही निघालं. दुसऱ्या दिवशी काकीनं मागच्या पडवीत तीन विटा मांडून आपली चूल वेगळी केली. घराला फाटा फुटला. कोहळी मात्र निम्मी-निम्मी वाटली गेली आणि दोन्ही चुलींवर एकाच वेळी शिजू लागली, त्यामुळे वास पूर्वीसारखाच एक येई.

बाबा आणि काका चार दिवसांत बोलायला लागले. वाडी एकत्र, मोटार एकत्र, न बोलून भागणार कसं? बायकांचं तसं नव्हतं. पाच महिने माय आणि काकी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. पण बाजारात टोपल्या शेजारी लावून बसायच्या, वाडीत एकाच वाफ्यात तोडणी करायच्या, आणि बोलण्यासारखं तर रोज काहीतरी असायचंच. त्यासाठी मी होते. दोघी तीन हातांवर उभ्या असायच्या आणि माय म्हणायची, "सुमे, तुया काकीले सांग, पदर खराट्यात अटकला." मी वळायची. काकी तोवर पदर सोडवून म्हणायची, "सुमे, तुया मायले सांग, मले डोळे हायेत." मला शाळेतून यायला उशीर झाला तर दोघीही दारात वाट पाहत असायच्या, कारण दिवसभराचं तुंबलेलं असायचं.

उन्हाळा लागला आणि एका सकाळी मला पत्र्यावर निवडुंगाच्या कडेला करड्या केसांचा एक गोंडा दिसला. उंदराचं पिल्लू बसल्यासारखा. आता माझी नात फोनवर असलं फूल उमलतानाचा व्हिडिओ दाखवते; कळीपासून फुलापर्यंत सगळं अर्ध्या मिनिटात होतं आणि ती पुढचा व्हिडिओ लावते. मला ते फार घाईचं वाटतं. आमच्या गोंड्याला बोटाएवढा व्हायला दोन आठवडे लागले, आणि त्या दोन आठवड्यांत मी एवढ्या वेळा शिडी चढले की शिडीची एक पायरी निसटली. टीचर तेव्हा सुट्टीला गावी निघाल्या होत्या. ट्रंक रिक्षात ठेवताना त्यांनी मला सांगितलं, कळीची दांडी लांब होईल, तोंड वर करेल, टोक फुगेल. फुगलं की त्या संध्याकाळी फूल. बाबा ट्रंक उचलत होते. त्यांनी ते ऐकलं.

रात्री एकदाच उमलणारं फूल आपल्या घरी येतंय, हे बाबांनी बाजारात कोणाला सांगितलं ते मला माहीत नाही, पण तीन दिवसांत सगळ्यांना माहीत होतं. हकिकत तोंडोतोंडी वाढत गेली. कोणी म्हणालं ते सोनेरी असतं, कोणी म्हणालं त्यासमोर मागितलेलं मिळतं. बाबांनी कोणाचंच खोडलं नाही. ज्याच्या हाताला यश आहे त्याच्या घरी असलं फूल यायचंच, असा त्यांचा चेहरा होता. शुक्रवारी संध्याकाळी ते स्वतः शिडी चढले, कळी उलटसुलट पाहिली आणि खाली उतरून म्हणाले, "उद्या फुलते. आठच्या आत." मी म्हटलं, बाबा, टीचर म्हणाल्या टोक फुगलं पाहिजे. बाबा म्हणाले, "मले फूल शिकवतं काय? पन्नास हजार वांग्याची फुलं पाह्यली म्या."

शनिवारी आमच्या अंगणात चाळीस माणसं आली. गल्लीतले, बाजारातले, पेट्रोल पंपावरचा एक जण, हरभरे विकणारी म्हातारी, आणि भजनी मंडळाचे चौघे ढोलकी घेऊन, त्यांना कोणी बोलावलं ते अजून कळलेलं नाही. निवडुंग पत्र्यावरून उतरवून स्टुलावर ठेवला होता, स्टुलाला हळदकुंकू लावलं होतं. पाहुणे आले म्हटल्यावर मायनं चिवडा केला. ते पाहून काकीनं उरलेली सगळी कोहळी किसून गूळ घालून बोंडं तळायला घेतली. ते पाहून मायनं चहा मांडला. मग काकीनंही चहा मांडला. लोकांना इकडून एक कप आणि पडवीतून एक कप असे दोन-दोन मिळत होते, आणि दोन्हीकडून "आमचा कसा झाला?" असं विचारलं जात होतं. लोक हुशार होते. दोन्हीकडे पुन्हा पुन्हा जाऊन पाहत होते.

आठ वाजले. कळी तशीच. साडेआठला एकजण म्हणाला, उजेडानं लाजत असेल. कंदील झाकला. अंधारात ढोलकीवाल्यानं बोंडांच्या ताटावर पाय दिला. कंदील उघडला. हरभरेवाल्या म्हातारीनं कळीला बोट लावायचा प्रयत्न केला आणि बोट चोखत परत बसली. नऊला पंपावरचा माणूस म्हणाला, "फुलाची आज सुट्टी दिसते, भाऊ." सगळे हसले. मग हसण्याचं कोणाला काही वाटेनासं झालं. "कळी हाय का उंदराची शेपटी हाय?" "वांग्याच्या माणसाले फूल कायले पाह्यजे?" साडेनऊला बोंडं संपली आणि दहा मिनिटांत अंगण रिकामं झालं. भजनी मंडळ जाताना ढोलकी हळू वाजवत गेलं, ते जास्त लागलं.

बाबा स्टुलापाशी बसून होते. मी रडत होते, आणि मला वाटलं ते मला रागावतील. ते म्हणाले, "तुयी चूक नाही. म्या घाई केली." मग उठले आणि त्या रात्री वाडीत जाऊन झोपले. बाबा कोणाला घाबरताना मी पाहिले नव्हते, पण दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले नाहीत.

रविवारी संध्याकाळी बाबा आणि काका वाडीतच होते. आमच्या बाजूच्या मोटारींना लाईट रात्री यायची आणि तीन-चार तासांत जायची. तेवढ्यात भेंडी भिजवून घ्यावी लागे. निवडुंग स्टुलावरच राहिला होता, त्याच्याकडे बघायची कोणाची इच्छा नव्हती. माय भाकरी थापत होती, मी अभ्यासाचं सोंग करत होते. काकी दोरीवरचे कपडे काढायला अंगणात गेली आणि तिथून ओरडली, "अवो मोठ्याबाई! मोठ्याबाई, बाहेर या ना लवकर!"

माय तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावली. "काय झालं, कमल? इचू चावला काय?"

स्टुलावर फूल उमललेलं होतं. मोसंबीएवढ्या काटेरी गोळ्यातून वीतभर लांब केसाळ दांडी निघालेली आणि तिच्या टोकावर तळहाताएवढं पांढरं फूल, कडेला अगदी फिकट गुलाबी. आम्ही जवळ गेलो तेव्हा शेवटच्या एक-दोन पाकळ्या अजून हलत होत्या. मंद वास होता, धुतलेल्या कपड्यांसारखा. आम्ही तिघी किती वेळ तशाच उभ्या होतो कोण जाणे. आतून भाकरी करपल्याचा वास आला, पण कोणी हललं नाही. मग मायला एकदम आठवलं. ती माझ्याकडे वळली. "सुमे, तुया काकीले सांग, ती माह्याशी बोलली."

काकीही माझ्याकडे वळली. "तुया मायले सांग, तिनंच मले कमल म्हटलं." आणि तिला हसू आलं, आणि ती हसत हसत मटकन खाली बसली. मायनं तिच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि शेजारी बसली. मला दोघींनी काहीच निरोप दिला नाही, आणि मला क्षणभर नोकरी गेल्यासारखं वाटलं.

"बोलवू का सगळ्यांना?" मी विचारलं.

"काही नको," काकी म्हणाली. "काल खाऊन गेले तेवढं बस." मग ती मायकडे पाहून म्हणाली, "पण भाऊजींले दाखवा लागते."

"ते कुठं येतात आता? लाईट आली असन," माय म्हणाली.

काकी उठली. तिनं बाजाराची टोपली आणली, तळाशी चुंबळ ठेवली, तीवर निवडुंगाचा डबा बसवला, आणि ज्या झाडाला तिनं दोन वर्षं हात लावला नव्हता ते टोपलीसकट डोक्यावर घेतलं. मायनं कंदील घेतला. मी एका हातानं टोपलीला आधार देत चालले. हमरस्त्यावर नागपूरकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग होती. आम्ही कडेला थांबलो, तर एका ड्रायव्हरनं ट्रक सावकाश केला, खिडकीतून डोकं काढून काकीच्या डोक्यावरच्या फुलाकडे पाहिलं आणि मागच्या सगळ्यांना हात करून थांबवलं. तीन बायका, एक कंदील आणि एक फूल रस्ता ओलांडून गेलं, आणि एवढ्या वेळात कोणी हॉर्न वाजवला नाही.

वाडीत मोटारीचा आवाज घुमत होता. बाबा घोट्याएवढ्या पाण्यात फावडं घेऊन उभे होते, काका पलीकडच्या सरीचं तोंड फोडत होते. आम्हाला पाहून बाबा घाबरले, घरी काहीतरी झालं असं त्यांना वाटलं. काकीनं टोपली बांधावर उतरवली आणि मायनं कंदील जवळ धरला.

बाबा पाण्यातून बाहेर आले, फावडं टाकलं, धोतराला हात पुसले आणि उकिडवे बसले. मग उठले, खोपटापर्यंत चालत गेले आणि मोटार बंद केली.

"भाऊ!" काका ओरडले. "लाईट जाईन ना! अर्धी भेंडी राह्यली!"

"आवाज होते," बाबा म्हणाले, आणि येऊन पुन्हा बसले.

आम्ही पाचही जण बांधावर बसलो. लाईट गेली तेव्हाही बसलो होतो. सकाळी उन्हं आल्यावर फूल मान टाकून लोंबत होतं. त्या उन्हाळ्यात भेंडीच्या सहा सऱ्या वाळून गेल्या. काकीची चूल पडवीतच राहिली. तिला तिची सवय झाली होती आणि खरं सांगायचं तर बोंडं तिच्या चुलीवर चांगली होत.

सोमवारी मी बाबा आणि काकांबरोबर बाजारात गेले. पंपावरचा माणूस समोरूनच आला. "काय भाऊ, फुललं का मंग तुमचं फूल?" आजूबाजूचे चार जण वळले. काकांनी तोंड उघडलं, पण बाबांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"नाही बा," बाबा म्हणाले. "कायचं फुलते." आणि मेथीची जुडी झटकून त्याच्यापुढे धरली.

सगळे हसले. बाबाही हसले. मी घरी येताना विचारलं, बाबा, खोटं काऊन बोलले? त्यांनी मला रस्त्याच्या आतल्या बाजूला घेतलं. मग म्हणाले, "त्यायले पाहाचं होतं, तवा ते फुललं नाही. आपल्यासाठी फुललं. आता लोकाइले सांगून काय करतं?"